सूर्यवेधी दुर्बिणींना ज्यांचे नाव लाभले ते धर्मगुरू : फादर आंजेलो सेक्की (१८१८–१८७८)

वर्धा जिल्ह्यातील आष्टी हे नाव उच्चारताच १९४२ चा ऑगस्ट महिना आठवतो. चिमूर आणि आष्टी ही दोन नावे स्वातंत्र्यलढ्याच्या इतिहासात जोडीनेच घेतली जातात. काही काळापूर्वी त्या भागात जाण्याचा योग आला असता एका भाविक कुटुंबातील शाळकरी मुलाने आम्हांस एक प्रश्न विचारला. आपले आदित्य एल-१ हे यान २ सप्टेंबर २०२३ रोजी सूर्याच्या अभ्यासासाठी झेपावले आणि ६ जानेवारी २०२४ रोजी पृथ्वीपासून सुमारे १५ लाख किलोमीटरवरील आपल्या ठिकाणी पोहोचले. त्याविषयी वाचत असता त्या मुलाला कोठेतरी असे आढळले होते की, सूर्याचा वेध घेणाऱ्या एका अमेरिकी मोहिमेतील दुर्बिणींना एका कॅथलिक धर्मगुरूचे नाव दिलेले आहे. हे खरे काय, आणि खरे असल्यास फादरांचा नि अंतराळयानांचा संबंध काय, असे त्याचे विचारणे होते. आम्ही घाईत होते म्हणून होकार देऊन मोकळे झालो. ते उत्तर अपुरे होते ही रुखरुख मनात राहिली, म्हणून आज हा लेखनप्रपंच.

प्रारंभ त्या मुलाच्याच जिल्ह्यापासून करू या. २२ जानेवारी १८९८ रोजी भरदुपारी चंद्राची छाया कोकणच्या किनाऱ्यावर उतरली आणि महाराष्ट्र तिरका ओलांडून वऱ्हाड-नागपूरच्या बाजूने पुढे बिहारकडे निघून गेली. या खग्रास सूर्यग्रहणासाठी जगभरातील ज्योतिर्विद या छायेच्या वाटेवर तळ ठोकून बसले होते. विजयदुर्गास नॉर्मन लॉकियर होते. सोलापूरकडील जेऊर येथे पुण्याचे प्राध्यापक कावसजी नायगमवाला आणि अमेरिकेच्या लिक वेधशाळेचे पथक होते. वऱ्हाडात तळणी येथे ब्रिटिश हौशी ज्योतिर्विदांची मंडळी होती. आणि वर्धा जिल्ह्यात, रेल्वेमार्गावरील पुलगाव येथे, कॅप्टन हिल्स व केंब्रिजचे न्यूऑल हे दोघे आपली उपकरणे मांडून बसले होते. पुढे बिहारात डुमराव येथे तर येशूसंघीय धर्मगुरूंचे एक पथकच ग्रहणाची छायाचित्रे घेण्यास सज्ज होते. त्या दिवशी आकाश निरभ्र राहिले. जेमतेम दोन मिनिटे सूर्य पूर्ण झाकला गेला आणि त्याच्याभोवतीचा मोतिया रंगाचा किरीट, म्हणजेच कोरोना, दिसू लागला. या दोन मिनिटांसाठी ही माणसे महिनोन्‌महिने प्रवास करून, पेट्याच्या पेट्या सामान वाहून आली होती.

पुलगावच्या त्या मंडळींच्या सामानातील सर्वांत मोलाची वस्तू होती वर्णपटदर्शक. प्रकाशाचे पृथक्करण करून तो ज्यातून आला त्या पदार्थाची ओळख पटवणारे हे उपकरण सूर्य व तारे यांच्याकडे नेटाने वळवणाऱ्या पहिल्या पिढीत जे मोजके संशोधक होते, त्यांत रोममधील एका धर्मगुरूचे स्थान फार वरचे आहे. तेच फादर आंजेलो सेक्की.

इटलीतील रेज्जो एमिलिया या गावी १८१८ च्या जून महिन्यात त्यांचा जन्म झाला. वडील सुतारकाम करीत. संत योसेफाचा व्यवसाय करणाऱ्या या घरात पैसा बेताचाच होता, परंतु हातांना कामाची सवय होती. पुढे आयुष्यभर सेक्की आपली उपकरणे स्वतः जुळवीत, सुधारीत, प्रसंगी स्वतः घडवीत. ती हातोटी त्यांनी घरातूनच आणली असावी असे आम्हांस वाटते. गावातील येशूसंघीयांच्या विद्यालयात शिक्षण झाल्यावर वयाच्या पंधराव्या वर्षी, १८३३ च्या नोव्हेंबरात, ते रोम येथे येशूसंघाच्या नवशिष्यालयात दाखल झाले.

त्यानंतरचे शिक्षण कोलेजिओ रोमानो या विद्यापीठात झाले. संत इग्नाती लोयोलांनी १५५१ मध्ये स्थापन केलेल्या या संस्थेला आकाशाचे वेड जुनेच होते. आज आपण भिंतीवर लावतो ते ग्रेगरियन कॅलेंडर १५८२ मध्ये अमलात आले, त्याच्या गणितामागे येथीलच फादर क्लाव्हियस होते. १६११ मध्ये गॅलिलिओ रोमला आले तेव्हा याच महाविद्यालयाने त्यांचा सत्कार केला होता. पुढे जे घडले ते सर्वांस ठाऊक आहे, आणि ख्रिस्तसभेच्या इतिहासातील ते एक दुखरे पान आहे हे मान्य करण्यास आम्हांस संकोच वाटत नाही. तथापि त्या एका पानावरून संपूर्ण ग्रंथ वाचल्याचा आव आणणारे लोक भेटतात, तेव्हा त्यांना सेक्कींचे नाव सांगावेसे वाटते.

१८४१ पासून सेक्कींनी लोरेतो येथे पदार्थविज्ञान शिकवले, मग रोमला परतून ईशज्ञानाचा अभ्यास केला आणि सप्टेंबर १८४७ मध्ये त्यांना गुरुदीक्षा मिळाली. दीक्षेनंतर जेमतेम सहा महिने लोटले असतील, इटलीत क्रांतीचा वणवा पेटला आणि १८४८ च्या वसंतात येशूसंघीयांना रोम सोडावे लागले. तिशीच्या उंबरठ्यावरील हे नवे फादर निर्वासित म्हणून इंग्लंडमधील स्टोनीहर्स्टला पोहोचले आणि तेथून त्याच वर्षी ऑक्टोबरात वीसेक सोबत्यांसह अमेरिकेत जॉर्जटाउनच्या विद्यालयाकडे निघाले.

परागंदा माणसाने दिवस मोजावेत, तसे यांनी मोजले नाहीत. जॉर्जटाउनला एक छोटी वेधशाळा होती, तीत ते रमले. शेजारच्या वॉशिंग्टनमध्ये नौदलाच्या वेधशाळेचे प्रमुख मॅथ्यू मॉरी वारे व सागरी प्रवाह यांचे नकाशे सिद्ध करीत होते. त्यांच्या सहवासात सेक्कींना हवामानशास्त्राची गोडी लागली. याच काळात विद्युत्‌मापनावर त्यांनी लिहिलेला प्रबंध पुढे स्मिथसोनियन संस्थेने छापला. दरम्यान त्यांचे गुरू व रोमच्या वेधशाळेचे संचालक फादर फ्रांचेस्को दे व्हिको १८४८ च्या नोव्हेंबरात लंडन येथे निवर्तले. तेही निर्वासितच होते. रोममधील परिस्थिती निवळताच १८४९ च्या अखेरीस सेक्कींना परत बोलावणे आले. एकतिसाव्या वर्षी ते वेधशाळेचे संचालक झाले आणि मृत्यूपर्यंत त्या जागेवर राहिले.

वेधशाळा जुन्या मनोऱ्यात होती. उंच, अरुंद आणि रस्त्यावरून गाड्या गेल्या की हादरणारी. दुर्बिणीस हादरा म्हणजे डोळ्यात कुसळ. सेक्कींनी यावर जो तोडगा काढला तो आम्हांस त्यांच्या चरित्रातील सर्वांत मनोरम भाग वाटतो. महाविद्यालयास लागूनच संत इग्नातीचे भव्य मंदिर आहे. सतराव्या शतकात ते बांधताना त्यावर विशाल घुमट उभारण्याचा बेत होता आणि तो पेलण्यासाठी प्रचंड स्तंभ बांधूनही झाले होते. घुमट मात्र कधीच झाला नाही. त्याऐवजी येशूसंघीय चित्रकार आंद्रेया पोत्सो यांनी सपाट छतावर घुमटाचे चित्र असे रंगवले की, खालून पाहणाऱ्यास तेथे खरोखर पोकळ घुमट असल्याचा भास व्हावा. आजही रोमला जाणारे यात्रेकरू ते चित्र मान वर करून पाहतात. सेक्कींनी विचार केला की, न झालेल्या घुमटाचे वजन पेलण्यास बांधलेले हे स्तंभ दुर्बिणींचे वजन सहज पेलतील आणि हलणारही नाहीत. पोप नववे पायस यांनी या कामास पाठबळ दिले आणि १८५० च्या दशकाच्या प्रारंभी मंदिराच्या छपरावर नवी वेधशाळा उभी राहिली. जर्मनीच्या मेर्त्स कारखान्यातून २४ सेंटिमीटर व्यासाची उत्तम दुर्बीण आणवली गेली. खाली वेदीवर मिस्सा चालावी आणि वर छपरावर सूर्याचे डाग मोजले जावेत, असे ते दृश्य होते.

या छपरावरून सेक्कींनी काय पाहिले नाही? हरवल्यासारखा झालेला बीलाचा धूमकेतू १८५२ मध्ये त्यांनी पुन्हा शोधला, दुसऱ्याच वर्षी एक नवा धूमकेतूही शोधला. हजारो जोडताऱ्यांची मोजणी तपासली. मंगळाची रंगीत चित्रे काढली. रोम, आंकोना, बोलोन्या, फेरारा या शहरांतील हवामानाची माहिती तारायंत्राने एकत्र करण्याची व्यवस्था लावली. तापमान, वायुभार, वारा व पाऊस आपोआप नोंदवणारे एक यंत्र त्यांनी तयार केले. ते १८६७ च्या पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनात गाजले.

१८६५ च्या एप्रिलातील एक प्रयोग मात्र सांगितला पाहिजे. पोप महाशयांच्या छोट्या आरमारात निष्कलंक मरियेच्या नावाचे एक वाफेचे जहाज होते. त्याचे अधिकारी आलेस्सांद्रो चाल्दी यांच्याबरोबर सेक्की समुद्रावर गेले आणि दोरीला बांधलेली पांढरी तबकडी पाण्यात सोडून ती किती खोलीवर दिसेनाशी होते हे त्यांनी पद्धतशीर मोजले. पाण्याची पारदर्शकता मोजण्याची इतकी साधी, इतकी स्वस्त रीत दुसरी नाही. ती सेक्की तबकडी याच नावाने जगभर वापरली जाते. आष्टीच्या शेजारच्या अप्पर वर्धा जलाशयासारख्या पाण्याची गढूळता पाहायची झाली, तरी अभ्यासक हीच काळी-पांढरी तबकडी दोरीने खाली सोडतील.

परंतु सेक्कींचे खरे क्षेत्र सूर्य. १८ जुलै १८६० रोजी स्पेनमधून खग्रास ग्रहण दिसणार होते. सेक्की भूमध्य समुद्राकाठच्या एका डोंगरावर, कार्मेल संघाच्या मठाच्या परिसरात, दुर्बीण व छायाचित्रणाचे साहित्य घेऊन गेले. त्या काळी एक वाद होता. ग्रहणात चंद्राच्या कडेबाहेर गुलाबी ज्वालांसारखी जी तेजःशृंगे दिसतात, ती सूर्याची की चंद्राची, की निव्वळ दृष्टिभ्रम? स्पेनच्या उत्तर भागात इंग्रज संशोधक वॉरन दे ला र्‍यू यांनीही छायाचित्रे घेतली होती. शेकडो किलोमीटर अंतरावरून घेतलेली ही दोन्ही छायाचित्रे ताडून पाहिली तेव्हा तेजःशृंगांचे आकार जुळले आणि चंद्र सरकत जाताना तो ती झाकतो व उघडी करतो हेही दिसले. ती सूर्याचीच होती. वाद मिटला.

त्याच सुमारास जर्मनीत किर्खोफ व बुन्सेन यांनी वर्णपटाचे गुपित उलगडले होते. चुलीत मिठाचा खडा पडला की ज्योत पिवळी होते, हे आपल्या घरातील प्रत्येक माउलीने पाहिलेले आहे. तो पिवळा रंग मिठातील सोडियमचा. प्रत्येक मूलद्रव्याला अशी स्वतःची रंगरेषांची खूण असते. सूर्याचा प्रकाश लोलकातून पसरवला तर इंद्रधनुष्यी पट्ट्यात काळ्या बारीक रेषा दिसतात, आणि त्या रेषांवरून सूर्याच्या वातावरणात कोणकोणती द्रव्ये आहेत हे सांगता येते. ताऱ्यांवर कोणी पाऊल ठेवू शकणार नाही, म्हणून ते कशाचे बनले आहेत हे माणसास कदापि कळणार नाही, असे त्या शतकातील एका नामवंत तत्त्वज्ञाने ठामपणे लिहून ठेवले होते. ते विधान पुरती तीस वर्षेही टिकले नाही.

सेक्कींनी १८६० च्या दशकात आपली मेर्त्स दुर्बीण व वर्णपटदर्शक घेऊन ताऱ्यांची जणू शिरगणतीच आरंभली. ताऱ्यांचे वर्णपट कागदावर उमटवणारी छायाचित्रणकला तेव्हा हाताशी नव्हती. अंधारात डोळा नळीस लावून, क्षीण प्रकाशपट्टा न्याहाळून, हातानेच रेषा टिपायच्या. असे सुमारे चार हजार तारे त्यांनी तपासले. आणि मग त्यांच्या ध्यानात आले की, आकाशात तारे अगणित असले तरी त्यांचे प्रकार अगणित नाहीत. व्याध, अभिजित यांसारखे निळसर-पांढरे तारे, ज्यांत हायड्रोजनच्या रेषा ठळक असतात, तो पहिला वर्ग. ब्रह्महृदय आणि आपला सूर्य यांसारखे पिवळे तारे, बारीक रेषांनी भरलेले, तो दुसरा. ज्येष्ठेसारखे तांबूस तारे तिसऱ्या वर्गात. १८६८ मध्ये त्यांनी चौथा वर्ग वेगळा काढला. यातील तारे गडद लाल, बहुधा मंद, आणि त्यांच्या वर्णपटात कार्बनच्या खुणा. कार्बन ताऱ्यांची ही पहिली ओळख होय. ज्यांच्या रेषा काळ्या नसून तेजस्वी असतात अशांचा पाचवा वर्ग त्यांनी अखेरीस, १८७७ मध्ये, जोडला.

आपला सूर्य हा इतर लाखो ताऱ्यांसारखाच एक तारा आहे, हे तोवर अनेकांनी तर्काने मांडले होते. सेक्कींच्या वर्गवारीने ते वर्णपटाच्या साक्षीने रोजच्या कामाचा भाग झाले. पुढे हार्वर्डच्या वेधशाळेने छायाचित्रांच्या साह्याने लाखो ताऱ्यांचे जे वर्गीकरण केले, त्याच्या पायाशी सेक्कींचे हे चार हजार तारे आहेत.

त्यांचे सगळेच बरोबर आले असे नाही. सूर्याचा व्यास कमी-जास्त होतो असे त्यांचे व एका सहकाऱ्याचे मत होते, ते टिकले नाही. सर्व नैसर्गिक शक्ती मुळात एकच असून त्या सर्वव्यापी ईथरच्या गतीतून उपजतात, असे सांगणारा मोठा ग्रंथ त्यांनी १८६४ मध्ये लिहिला. तो ईथर पुढे विज्ञानाने मोडीत काढला. वादात ते तापट असत आणि शोधाच्या अग्रमानासाठी भांडतही. संतपदास नेण्यासाठी आम्ही हे चरित्र सांगत नाही, म्हणून हेही सांगितले.

आता आम्ही त्या प्रसंगाकडे येतो, ज्यासाठी हे चरित्र आजच्या तरुणांनी वाचावे असे वाटते.

२० सप्टेंबर १८७० रोजी इटलीच्या राजाचे सैन्य रोममध्ये शिरले. पोप महाशयांचे राज्य संपले. नव्या सरकारचे आणि ख्रिस्तसभेचे संबंध कमालीचे कटू झाले. येशूसंघ तर सरकारच्या डोळ्यांत विशेष सलत होता. परंतु त्याच सरकारला एक गोष्ट नाकारता येत नव्हती. रोममधील सर्वांत मोठा शास्त्रज्ञ, ज्याचे सूर्यावरील पुस्तक त्याच वर्षी पॅरिसला प्रसिद्ध झाले होते, तो येशूसंघाचा झगा घालणारा धर्मगुरू होता.

सरकारने शहाणपणाचा मार्ग धरला. सेक्कींना रोमच्या राजकीय विद्यापीठात खगोलभौतिकीचे अध्यासन देऊ करण्यात आले. वेधशाळा हातची जाणार नाही, साधने मिळतील, मान मिळेल, असा सगळा तो बेत होता. सेक्कींनी हा प्रस्ताव एका झटक्यात झिडकारला असे कोणी समजू नये. प्रथम त्यांचे मन तिकडे झुकलेही होते. वीस वर्षे रक्त आटवून उभे केलेले काम वाचवायचे होते, आणि ग्रहगोलांना राजवट कळत नाही. त्याच वर्षी डिसेंबरात सिसिलीत खग्रास ग्रहण होते, तेथे सरकारी मोहिमेबरोबर ते गेलेही. ढगांनी निराशा केली ती वेगळी. परंतु अध्यासन स्वीकारणे म्हणजे आपल्या संघापासून आणि अडचणीत सापडलेल्या पोप महाशयांपासून आपण फारकत घेतली असे जगास दिसणार होते. त्यांनी अखेर अध्यासन नाकारले.

याची किंमत लहान नव्हती. १८७३ मध्ये धार्मिक संघांची मालमत्ता ताब्यात घेणारा कायदा रोमलाही लागू झाला. महाविद्यालयाच्या वर्गखोल्या सरकारी शाळेकडे गेल्या, ग्रंथसंग्रहाचे सरकारी वाचनालय झाले, सहकारी धर्मगुरू पांगले. उरली ती मंदिराच्या छपरावरील वेधशाळा आणि तीत सेक्की व त्यांचे मोजके साथीदार. तीही घेतली जाईल ही टांगती तलवार रोजची होती. युरोपभरातील संशोधकांत सेक्कींचे वजन एवढे होते की, त्यांच्या हयातीत सरकारने तेथे हात घातला नाही. खालच्या मजल्यावर परकी झालेली इमारत आणि वर एकटा माणूस रोज सकाळी सूर्याचे चित्र काढतो आहे, हे दृश्य आम्ही मनाशी अनेकदा उभे केले आहे. अशा वेळी सूर्यावरील पुस्तकाची दुसरी, वाढवलेली आवृत्ती लिहिण्याचे बळ कोठून आले असेल?

आणि तरीही त्यांनी दारे लावून घेतली नाहीत. पालेर्मोचे पिएत्रो ताकिनी हे नव्या राजवटीचे पुरस्कर्ते, सरकारी सेवेतील शास्त्रज्ञ. त्यांच्याच बरोबर सेक्कींनी १८७१ मध्ये इटालियन वर्णपटशास्त्रज्ञांची सभा स्थापन केली. ताऱ्यांच्या भौतिकीसच वाहिलेले पहिले नियतकालिक या सभेने काढले. सूर्यावरील तेजःशृंगांची रोजची नोंद रोम व पालेर्मो येथून एकाच वेळी होऊ लागली. राजकारणाने दुभंगलेल्या देशात पोपचा धर्मगुरू आणि राजाचा नोकर हे दोघे एका तक्त्यावर आकडे भरीत होते.

याच मैत्रीचा एक धागा भारतात पोहोचतो. डिसेंबर १८७४ मध्ये शुक्र सूर्यबिंबावरून जाताना दिसणार होता. ताकिनी वर्णपटदर्शक घेऊन बंगाल प्रांतातील मुद्दापूर येथे आले. कोलकात्याच्या सेंट झेवियर्स कॉलेजचे येशूसंघीय धर्मगुरू फादर यूजीन लाफों त्यांना जाऊन मिळाले. दुसऱ्या वर्षी फादर लाफोंनी कॉलेजात वेधशाळा उभारली. जगदीशचंद्र बसू हे पुढे याच फादरांचे विद्यार्थी झाले. आमच्या पुण्यातही, नायगमवालांनी १८८८ मध्ये सुरू केलेल्या वेधशाळेचे मुख्य काम वर्णपटांचेच होते. १९१२ मध्ये ते निवृत्त झाले, वेधशाळा बंद पडली आणि तिची दुर्बीण कोडाईकनालला गेली. आज आदित्य एल-१ वरील जंबुपार किरणांत सूर्याची चित्रे घेणारी दुर्बीण पुण्याच्या आयुका या संस्थेने तयार केलेली आहे, हे वाचताना त्या बंद पडलेल्या वेधशाळेची आठवण होते.

१८७७ मध्ये सेक्कींना जठराच्या कर्करोगाने गाठले. १८७८ च्या प्रारंभी इटलीचे राजे दुसरे व्हिक्टर इमॅन्युएल निवर्तले, ७ फेब्रुवारीस पोप नववे पायस देवाघरी गेले, आणि २६ फेब्रुवारीस फादर सेक्कींनी प्राण सोडला. वय साठही पूर्ण झाले नव्हते. दोन महिन्यांच्या आत एका संघर्षातील राजा, पोप आणि त्या दोघांच्या मध्ये उभा राहिलेला ज्योतिर्विद असे तिघेही गेले.

पुढच्याच वर्षी सरकारने वेधशाळा ताब्यात घेतली. संचालक म्हणून आले ते ताकिनी. मित्राच्या खुर्चीवर बसताना त्यांना काय वाटले असेल ते त्यांचे त्यांना ठाऊक. काम मात्र त्यांनी सेक्कींच्याच रीतीने पुढे चालवले. ख्रिस्तसभेची वेधशाळा गेली ती बारा वर्षांनी परत आली. १४ मार्च १८९१ रोजी पोप तेरावे लिओ यांनी व्हॅटिकन वेधशाळेची पुनःस्थापना केली आणि तिची धुरा बर्नाबाइट संघाचे फादर फ्रांचेस्को देन्त्सा यांच्याकडे दिली. हवामानशास्त्रात ते सेक्कींचे अनुयायी. ही वेधशाळा पुढे कास्तेल गांदोल्फो येथे गेली आणि १९९३ पासून तिची एक दुर्बीण अमेरिकेतील ॲरिझोनाच्या डोंगरावर आहे.

आता त्या मुलाच्या प्रश्नाचे उत्तर. ऑक्टोबर २००६ मध्ये नासाने स्टिरिओ नावाची जुळी याने सोडली. एक पृथ्वीच्या पुढे, एक मागे, अशा रीतीने ती सूर्याभोवती फिरू लागली. दोन डोळ्यांनी आपल्याला खोली कळते, तशी सूर्यावरील स्फोटांची खोली व दिशा कळावी हा हेतू. २०११ च्या फेब्रुवारीत ती एकमेकांच्या समोरासमोर आली आणि माणसाने सूर्य प्रथमच सर्व बाजूंनी एकाच वेळी पाहिला. प्रत्येक यानावर पाच दुर्बिणींचा एक संच आहे. त्यांतील किरीटदर्शक दुर्बिणी मध्ये तबकडी धरून सूर्यबिंब झाकतात आणि कृत्रिम ग्रहण घडवतात. पुलगावला दोन मिनिटे दिसलेला किरीट त्यांना अहोरात्र दिसतो. या संचाच्या लांबलचक इंग्रजी नावाची आद्याक्षरे अशी जुळवलेली आहेत की, सन अर्थ कनेक्शन कोरोनल अँड हेलिओस्फेरिक इन्व्हेस्टिगेशन याचे सेक्की व्हावे. तेव्हा, होय, ते खरे आहे. जुळ्यांपैकी एका यानाशी १ ऑक्टोबर २०१४ रोजी संपर्क तुटला. दुसरे २०२३ च्या ऑगस्टमध्ये सूर्य व पृथ्वी यांच्यामधून पुढे गेले.

आणखी एक गोष्ट त्याला दाखवावयाची आहे. हिवाळ्यात सायंकाळी आष्टीच्या शिवारात उभे राहून उत्तरेकडे पाहिले की पाच ताऱ्यांची वेडीवाकडी माळ दिसते. ती शर्मिष्ठा. त्या माळेतील मधला तारा फादर सेक्कींनी १८६६ च्या ऑगस्टमध्ये वर्णपटदर्शकातून पाहिला आणि ते चकित झाले, कारण जेथे काळी रेषा असावी तेथे तेजस्वी रेषा होती. असा तारा तोवर कोणास आढळला नव्हता. १९७० च्या दशकात उपग्रहांवरील उपकरणांना त्याच ताऱ्यातून अनपेक्षितपणे तीव्र क्ष-किरण येताना दिसले. त्यांचे कारण शोधण्यासाठी अमेरिकेची चंद्रा आणि युरोपची एक्सएमएम-न्यूटन या अंतराळ दुर्बिणी त्याच्याकडे पुनःपुन्हा वळवण्यात आल्या आहेत. दुर्बीण नसली तरी तो साध्या डोळ्यांना दिसतो.